घट्ट झालेला स्लाइम

मैत्रिणींनो, सुट्टीत मुलं फेव्हिकॉल आणि टाकणखाराचा स्लाइम करतात आणि दोन दिवसांनी कडक गोळा घेऊन “आई, मऊ करून दे ना” म्हणत मागे लागतात. लगेच फेकू नका. आधी ओढून पाहा. ओढताच तटकन तुटला तर टाकणखार जास्त पडलाय. वर पापडी धरली असेल तर पाणी उडालंय. पसरट डब्यात ठेवून चमचाभर कोमट पाणी शिंपडा, पाच मिनिटांनी कणकेसारखा मळा. एकदम पाणी ओतलंत तर नुसता चिकटा होईल! तरीही ऐकेना, तर व्हिनेगरचे दोनतीन थेंब घाला. आंबटाने टाकणखाराची पकड सैल होते. (सतरंजीला चिकटलेला स्लाइमही व्हिनेगरनेच सुटतो, बरं का.) दगडासारखा वाळला किंवा बुरशी आली, तर मात्र काटकसर नको.

स्वयंपाकातली वाटी-चमचा याला मुळीच वापरू नका. टाकणखार पोटात जाणं धोक्याचं. खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायला लावा, मगच खाऊ. आणि घरात रांगतं मूल असेल तर हा खेळ नकोच. त्याला पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या, तेवढ्यावर ते खूश असतं.