मेलेल्या उंदराची साक्ष

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये भीषण स्फोट झाले आणि त्यांत अनेकांचे बळी गेले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर कारखान्यांच्या परवान्यांची, अंतरांची आणि तपासणीची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्या चर्चेच्या मुळाशी आणखी एक प्रश्न असतो. या कारखान्यांतून तयार होणारे, साठवले जाणारे द्रव्य माणसाच्या यकृताला, मूत्रपिंडाला, मेंदूला काय करते, हे कोणाला आणि कशावरून कळते? माणसावर विषाचा प्रयोग करता येत नाही. म्हणून पुष्कळदा हे उत्तर प्रयोगशाळेतील उंदराकडून मिळवावे लागते. त्याला अठ्ठावीस किंवा नव्वद दिवस ठरावीक मात्रा दिली जाते. शेवटच्या दिवशी वेदना न होतील अशा रीतीने त्याचे प्राण घेतले जातात आणि त्याचे शरीर उघडून एकेक अवयव तपासला जातो. नव्वद दिवसांच्या खटल्याची खरी साक्ष त्या शेवटच्या घटकेत नोंदली जाते. ती नोंदणारा हात तयार आहे काय, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही.

शवविच्छेदन म्हणजे कापाकापी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती वेळेशी चाललेली शर्यत असते. प्राण जाताच शरीरातील पेशींचे आपोआप विघटन सुरू होते. आतड्याचे अस्तर आणि स्वादुपिंड यांत ते इतक्या लवकर होते, की थोडा विलंब झाला तरी विषाने झालेली हानी कोणती आणि मरणोत्तर कूज कोणती, हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगणे कठीण होते. रात्री पिंजऱ्यात मेलेला उंदीर सकाळपर्यंत टिकावा म्हणून कोणी बर्फाच्या कप्प्यात ठेवला, तर गोठलेल्या पाण्याच्या स्फटिकांनी पेशी फाटतात आणि पुरावा नष्ट होतो. त्याला थंड ठेवायचे असते, गोठवायचे नसते. एवढा साधा भेद ठाऊक नसल्यामुळे महिन्यांचे काम वाया जाऊ शकते.

अशा बारकाव्यांची यादी मोठी आहे. अधिवृक्क ग्रंथी इतकी लहान असते, की चिमट्याने थेट पकडली तर चिरडते. तिच्याभोवतीची चरबी धरून ती उचलावी लागते. एका जनावराच्या मूत्रपिंडावरची चरबी काढली आणि दुसऱ्याच्या राहू दिली, तर वजनातला फरक औषधाचा नसून हाताचा असतो. कोरडे पडत जाणारे अवयव ताबडतोब तोलले नाहीत, तर तराजूही खोटे बोलतो. फुप्फुसात श्वासनलिकेतून फॉर्मॅलिन भरावे लागते, नाही तर ते आक्रसलेलेच राहते. ऊतीचा तुकडा जाड राहिला, तर द्रव आतपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मधला भाग खराब होतो. वृषण आणि डोळे यांच्यासाठी तर निराळे द्रव वापरण्याची पद्धत आहे. मराठीत ज्या दोन प्राण्यांना ‘उंदीर’ हा एकच शब्द पुरतो, त्या ‘रॅट’ आणि ‘माऊस’ यांत आतून मोठे भेद आहेत. माऊसला पित्ताशय असते, रॅटला नसते. ज्याला हे माहीत नाही, तो रॅटच्या यकृतापाशी नसलेले पित्ताशय शोधीत बसेल, किंवा ते नाहीसे झाल्याची नोंद करून मोकळा होईल!

पुढे विकृतितज्ज्ञ आहेतच, ते चूक पकडतील, असे कोणी म्हणेल. परंतु विकृतितज्ज्ञाला दिसते ते बाटलीतून त्याच्यापर्यंत आलेले. जो डाग टेबलावर कोणाच्या नजरेस पडला नाही, जी गाठ कापून घेतलीच नाही, ती सूक्ष्मदर्शकाखाली कशी येणार? म्हणूनच उघड्या डोळ्यांनी पाहून रंग, आकार, स्थान, संख्या आणि घट्टपणा यांचे साधे, नेमके वर्णन करणे ही या कामातली पहिली विद्या आहे. रोगाचे नाव देण्याची घाई न करता दिसले तेवढेच लिहिणे, हा संयम शिकवावा लागतो.

या विद्येचे महत्त्व मुंबई परिसराला नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. पुढच्याच वर्षी हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत हजारो उंदरांची शवपरीक्षा केली. त्या काळी एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली: प्लेगने मेलेला उंदीर ओळखण्यासाठी अनुभवी माणसाने केलेली उघड्या डोळ्यांची तपासणी ही नुसत्या सूक्ष्मदर्शकावर विसंबण्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरली. मानेतील वा जांघेतील सुजलेल्या लसीकाग्रंथी, त्वचेखालची लाली, ठिपकेदार यकृत, छातीच्या पोकळीत साठलेले पाणी ही लक्षणे तयार नजर ओळखीत असे. आधी उंदरांत साथ आणि मागोमाग माणसांत, हा क्रम अशा नोंदींतून पक्का झाला. शहराचे आरोग्य उंदराच्या पोटात वाचता येते, हा धडा परळनेच जगाला दिला.

आज परिस्थिती काय आहे? ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील महाविद्यालयांतून जीवशास्त्राचे विद्यार्थी बाहेर पडतात. त्यांतले काही रोज लोकलच्या गर्दीतून परळच्या किंवा खारघरच्या संशोधनसंस्थांत जातात, काही औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याची भूमिका घेतली. तो निर्णय योग्यच होता. ज्यांना पुढे हे काम करायचेच नाही, अशा हजारो मुलांसाठी बेडूक आणि उंदीर मारण्याचे काहीच कारण नव्हते. पण एक दार बंद करताना दुसरे उघडायचे राहून गेले. ज्या मोजक्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनात प्राण्यांवर काम करायचे आहे, त्यांनी कुठे शिकावे? वरिष्ठाच्या खांद्यावरून एकदा पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पाते हाती घ्यायचे, याला प्रशिक्षण म्हणता येत नाही. काठावर बसून कोणाला पोहणे येत नाही, आणि खऱ्या प्रयोगातले जनावर हे हात बसवण्याचे साधन नव्हे.

कायद्याचा आशयही हाच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात प्रयोग काळजीपूर्वक व माणुसकीने व्हावेत असे म्हटले आहे. केवळ हातचे कसब मिळवण्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत, असेही त्यात आहे. म्हणजे कसब तर हवे, पण त्यासाठी जिवंत प्राण्याचा बळी नको. हे कोडे सुटण्यासारखे आहे. अन्य प्रयोगांत ज्यांचे प्राण घेतलेच आहेत, अशा उंदरांची शवे प्राणिगृहांतून उपलब्ध होऊ शकतात. आधी प्रतिकृती आणि चित्रफिती, मग अशी शवे, त्यानंतर अनुभवी पशुवैद्याच्या नजरेखाली काम, आणि शेवटी परीक्षा, असा क्रम ठरवता येईल. १८८६ पासून पशुवैद्यक शिकवणारे मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय परळलाच आहे. ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला यांसारख्या महाविद्यालयांनी त्याच्याशी हातमिळवणी करून पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी छोटा अभ्यासक्रम चालवावा. संस्थांच्या प्राणिनैतिकता समित्यांनी प्रयोगाला मान्यता देताना ‘शवविच्छेदन कोण करणार आणि त्याने ते कुठे शिकले?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. यासाठी मोठ्या इमारतीची वा निधीची गरज नाही, इच्छेची आहे.

प्राण्यांवरील प्रयोगच संपत आले असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवर आधारित पर्यायी पद्धतींना वाट मिळाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण उंदरावाचून चालेल असा दिवस अजून उजाडलेला नाही. तोवर जितके कमी प्राणी वापरले जातील, तितके प्रत्येकाचे मोल वाढत जाणार. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटवणे आणि पद्धती सुधारणे ही त्रिसूत्री मांडली. ज्याच्या हातून निष्कर्ष बिघडतो, त्याला तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि तेवढेच प्राणी पुन्हा मारावे लागतात. अडाणी हात हा दयेचाही शत्रू असतो आणि सत्याचाही.

मुक्या जिवाने माणसासाठी दिलेली साक्ष नीट ऐकून नीट नोंदवणे हे माणसाचे किमान कर्तव्य आहे. ज्याला ते ऐकण्याचे शिक्षण मिळालेले नाही, त्याच्या हाती ते पाते देऊ नये.