अर्धसत्याचा नैवेद्य

धारच्या भोजशाळेचे वृत्त हल्ली त्याच जिल्ह्यातील मनावरलाही पुष्कळदा ‘स्वतंत्र’ म्हणविणाऱ्या वृत्तसंकेतस्थळांवरून कळते. त्या स्वातंत्र्याची कसोटी सोपी आहे. ११ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने भोजशाळेच्या सर्वेक्षणाचा आदेश दिला; १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली, परंतु आपल्या अनुमतीवाचून निष्कर्षांवर कार्यवाही होऊ नये, असेही बजावले. ही दोन्ही अंगे जो सांगतो तोच विश्वासार्ह. आगरकरांच्या ‘सुधारका’लाही पक्ष होता, पण तो उघड होता. सोयीचे तेवढेच छापून निःपक्षपातीपणाची शेखी मिरविणारा, मग तो आमचा जयजयकार करो वा उपहास, आम्हांस त्याज्यच होय. भोजशाळा ज्या वाग्देवीची म्हणून आम्ही मानतो, ती वाणीचीच देवता. तिला अर्धसत्याचा नैवेद्य चालेल काय?