आवाज सपाट, मन नव्हे

"बाबा आले." "बाबा आले?" "बाबा आले!" ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. शब्द तेच, पण अर्थ तीन झाले, ते केवळ आवाजाच्या चढउतारामुळे. आता गळ्याच्या पुढच्या भागावर बोटे ठेवून प्रश्न पुन्हा विचारा. आवाज चढताना आत काहीतरी हललेले जाणवेल. स्वरयंत्रातील चिमुकले स्नायू स्वरतंतूंना ताण देतात आणि तंबोऱ्याची खुंटी पिळल्याप्रमाणे स्वर वर जातो. म्हणजे चालणे-लिहिणे या जशा हालचाली, तसाच बोलण्यातील हेल हीही एक हालचालच आहे.

कंपवातात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नाश पावतात. हालचाली मंदावतात आणि लहान होतात. पाऊल आखूड पडते, अक्षर बारीक होते आणि त्याच कारणाने स्वराचा चढउतारही आखूड होतो. बोलणे हळू व एकसुरी ऐकू येते.

माझी तक्रार आहे ती रोगाच्या नावाबद्दल. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातही थरथरच होती. त्यामुळे आपण रोग्याच्या हाताकडे पाहत राहतो (काहींचा हात तर थरथरतही नाही!) आणि आवाज ध्यानात येत नाही. आजोबा "जेवलास?" असे विचारतात, पण शेवटी स्वर चढत नाही. चेहऱ्याचे स्नायूही मंदावलेले असल्याने हसू उमटत नाही. आपण लगेच ठरवतो, आजोबा तुसडे झाले! या रोगात मन उदास होऊ शकते हे खरे. पण ते आवाजावरून ठरवू नये, त्यांनाच विचारावे.

गंमत अशी, की आपला आवाज लहान झाला आहे हे पुष्कळ रोग्यांना जाणवतच नाही. ऐकणाऱ्यांनाच कमी ऐकू येते असे त्यांना वाटते. म्हणून "नीट बोला" असे रागावून काही साधत नाही. अमेरिकेत १९८७ साली ली सिल्व्हरमन या रुग्ण महिलेच्या नावाने एक उपचारपद्धती सुरू झाली. तिचा सारा भर एकाच गोष्टीवर असतो: मोठ्याने बोला. भरपूर सराव केला की आवाजाबरोबर चढउतारही काही प्रमाणात परत येतो.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. एका विद्यार्थ्याने कोणताही हेल न काढता "जेवलास" म्हणावे. तो प्रश्न होता की नुसते विधान, हे इतरांनी डोळे मिटून वहीत लिहावे आणि मग वह्या ताडून पाहाव्यात.