फुकटची ऊर्जा, महागडा विश्वास

इंधन नाही, वीज नाही, तरी यंत्र अखंड चालते, असा दावा दर काही वर्षांनी नव्याने कानावर येतो. संशोधक दोन-चार मिनिटे दिवा पेटवून दाखवतो. पण यंत्र उघडून पाहू देत नाही.

फिलाडेल्फियाच्या जॉन कीलीने 19 व्या शतकात हेच केले. ईथर या कल्पित माध्यमाच्या कंपनांतून शक्ती मिळवल्याचे सांगून त्याने कंपनीसाठी भांडवल उभे केले आणि भागधारकांना वर्षानुवर्षे झुलवत ठेवले. 1898 मध्ये तो वारला. त्याच्या प्रयोगशाळेची झडती घेतली, तेव्हा तळघरात पोलादी गोल टाकी आणि जमिनीखालून गेलेल्या नळ्या सापडल्या. यंत्र दाबलेल्या हवेवर चालत असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता.

अमेरिकेतच जोसेफ न्यूमन या संशोधकाने आपले यंत्र आत जाते त्याहून जास्त ऊर्जा देते, असा दावा केला होता. त्या यंत्राची 1986 मध्ये सरकारी प्रयोगशाळेत चाचणी झाली. जितकी वीज आत गेली, तिच्याहून कमीच बाहेर आली.

ऊर्जा रूप बदलते, शून्यातून निर्माण होत नाही. हा नियम असंख्य प्रयोगांतून तावून सुलाखून निघाला आहे. तो मोडल्याचा दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो.

वाचकहो, नवे विचार जरूर ऐका. पण पैसे गुंतवण्याआधी त्रयस्थ प्रयोगशाळेचा मोजणी-अहवाल मागा. तो देण्याची तयारी नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.