आरएक्सच्या सायलेन्सरला हात लावू नका!

एमएच-३५ पाटीची जुनी आरएक्स १०० शेजारून गेली की मान वळतेच, तुमचीही. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. १९८५ला आली, १९९६ला बंद झाली, तरी क्रेझ संपत नाही. बाबांची किंवा काकांची एखादी घरी धूळ खात असेल, तर जरूर उभी करा. पण भाऊ, पहिला हात सायलेन्सरला नको! टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर म्हणजे इंजिनाचाच भाग. त्यातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. बॅफल काढलं की हे गणित बिघडतं. गल्ली जागी होते, गाडी काही पळत नाही. तोच पैसा पिस्टन, बोअर, ऑइल पंपावर घाला.

रंग बदलायचाय? आरटीओला कळवून खुशाल बदला. चेसिस कापून कॅफे रेसर करणं मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये अडकतं. २०१९ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. आणि विंटेजचा सरकारी दर्जा ५० वर्षांनंतर मिळतो, तोही मूळ रूप टिकवलेल्या गाडीला. पहिल्या आरएक्सचा नंबर २०३५ला लागेल. तेव्हा तुमच्या गाडीत ओरिजिनल काय उरलेलं असेल?