आदराचे इंग्रजी शब्द

जिजाबाईंचें जन्मगांव सिंदखेडराजा हें बुलढाणें जिल्ह्यांतलेंच. तेव्हां चिखलीच्या मुलामुलींना त्या थोर मातेवर इंग्रजींत निबंध लिहावा लागणें स्वाभाविक आहे. अशा वेळीं मूल वडीलधाऱ्यांस विचारतें, "येथें 'रिस्पेक्ट' लिहूं कीं 'ॲडमायर'?" प्रश्न शब्दकोशाचा दिसतो, पण आपल्या मनांत नेमका कोणता भाव आहे, हें ओळखल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

मराठींत आदराचा पुष्कळसा भार व्याकरणच उचलतें. 'आजोबा आले' यांतील अनेकवचन किंवा 'आपण बसावें' यांतील सर्वनाम एवढ्यानें काम भागतें. इंग्रजींत ही सोय उरलेली नाहीं. तेथील 'यू' हें मूळचें अनेकवचन. एका व्यक्तीस 'दाउ' म्हणत. पुढें थोरांस मान देण्यासाठीं 'यू' म्हणूं लागले, आणि अखेर तें सर्वांसच लागूं झालें. 'दाउ' राहिलें तें मुख्यतः प्रार्थनेंत व काव्यांत. आपण देवास व आईस 'तूं' म्हणतों, तसा इंग्रजही देवास एकवचनानेंच आळवीत आला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

सर्वनामाचें काम मग शब्दांवर पडलें. 'रिस्पेक्ट' याचा लॅटिन मूलार्थ मागें वळून पाहणें. म्हणून ज्याची दखल घ्यावीच लागते, त्याविषयीं हा शब्द योजतात. तो प्रतिपक्षीयाविषयींही वापरतां येतो. 'एस्टीम' म्हणजे मोल पारखून दिलेला मान. 'ॲडमिरेशन'च्या मुळाशीं नवल आहे: दुसऱ्याचे गुण पाहून मन थक्क होतें, तो हा भाव. आपलें 'कौतुक' त्याच्या जवळचें खरें; परंतु कौतुक बहुधा वडिलांनीं धाकट्यांचें करावयाचें. नातवानें आजोबांचें कौतुक केलें, तर तें कानास खटकतें. 'ॲडमिरेशन'ला वयाची अट नाहीं. 'रेव्हरन्स' यांत मात्र किंचित् धाक मिसळलेला पूज्यभाव असतो. कवि ना. वा. टिळक यांच्या नांवामागील 'रेव्हरंड' या धर्मोपदेशकाच्या उपपदाचा शब्दशः अर्थ 'पूजनीय' असाच आहे.

पदाचा मान आणि मनाचा मान हा भेद तर आपल्या इतिहासांतच दिसतो. गोखले कायदेमंडळाचे सभासद म्हणून 'ऑनरेबल' झाले, व त्याचें मराठींत 'नामदार' झालें. बाळ गंगाधर टिळकांस 'लोकमान्य' ही पदवी कोणत्याही सरकारनें दिली नाहीं. ती लोकांनीं दिली. तिचें एका शब्दांत इंग्रजी करूं गेल्यास बराच अर्थ हातांतून निसटतो.

एकत्र कुटुंबांत यावरून गैरसमजही होतात. परदेशीं असलेला नातू पत्रांत 'डिअर ग्रँडफादर' लिहितो, आणि आजोबांस वाटतें कीं पोरगा बरोबरीच्या नात्यानें बोलूं लागला. वास्तविक 'डिअर' हा तिकडील पत्राचा नित्याचा मायना आहे. तो साहेबासही चालतो. 'तीर्थरूप' तेथें नाहीं, म्हणून नातवाच्या मनांतूनही तें गेलें, असें समजूं नये. उलट प्रत्येक ओळींत 'रिस्पेक्टेड' घातल्यानें आदर वाढतो असेंही नाहीं.

मग निबंध लिहिणाऱ्या मुलास काय सांगावें? प्रथम कर्तृत्व लिही, विशेषण मागाहून. १६६६ सालीं शिवाजीमहाराज आग्र्यास गेले, तेव्हां राज्याची देखरेख जिजाबाईंकडे होती. हें वाचून जें नवल वाटतें, त्यास 'ॲडमायर' म्हणावें. नाम घेतांच हात आपोआप जोडले जात असतील, तर 'रिव्हियर'. चेंडूच्या फटक्यास आणि या मातेसही एकच 'ग्रेट' लावणें, हें मात्र टाळावें.

आणखी एक गोष्ट वडील मंडळींनीं पाहावी. आजोबांस 'अहो' आणि आजीस 'अगं' ही आपली घरोघरची रीत. त्या 'अगं'मध्यें माया आहे, यांत शंका नाहीं. परंतु घरांतील महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळीं आजीस कोणी विचारतें का? मूल जिजाबाईंवर लिहितें, तेव्हां 'रिस्पेक्ट'चा अर्थ तें शब्दकोशांत पाहतेंच. पण त्याआधीं तो त्यानें स्वयंपाकघराच्या दारांतून पाहिलेला असतो.