बियाणं जाताना सगळ्यांचं, येताना एकाचं?

रोवणीची घाई आटोपली, म्हणून आज जरा स्पष्ट लिहितो. कडू वाटलं तर वाटू द्या.

"जनुकं निसर्गाची असतात, त्यावर शेतकऱ्याचा कसला हक्क?" हे वाक्य हल्ली बैठकीत आणि शिवारफेरीत फार ऐकू येतं. मान्य. पण मग हा नियम दोन्ही बाजूंनी लावा ना. आमच्या बांधीतून बियाणं जाताना ते सगळ्यांचं असतं, आणि तेच नाव, नंबर घेऊन परत येताना एकाचं कसं होतं?

मी विज्ञानाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. स्वर्णा सब-१ हे धान बघा. पुराच्या पाण्याखाली दोन आठवड्यांपर्यंत तग धरतं. ती ताकद आली एफआर १३ए मधून, आणि एफआर १३ए निवडलं गेलं ओडिशाच्या एका देशी धानातून. शास्त्रज्ञांनी ते जनुक शोधून २००६ साली जगापुढे ठेवलं, २००९ मध्ये सुधारित जात आपल्याकडे आली. उत्तम काम झालं. पण ते देशी धान पिढ्यान्‌पिढ्या पुरात पेरून, निवडून ज्यांनी जपलं, त्यातल्या एकाचं तरी नाव कुणाला ठाऊक आहे का?

आपल्या घरचं उदाहरण घ्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये पटेल-३ च्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं निवड केली, आणि एचएमटी धान घडवलं. पुढे १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी नावानं जात प्रसारित झाली. दादाजींना श्रेय मिळावं म्हणून किती आरडाओरड करावी लागली, ते चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना सांगायला नको. २०१८ मध्ये ते गेले. पुरस्कार मिळाले, पण पैशाची चणचण शेवटपर्यंत सुटली नाही.

आता उलटी बाजू. २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर पेप्सिकोनं एफएल २०२७ या जातीसाठी दावे ठोकले. काहींकडे एक कोटीवर भरपाई मागितली. शेतातल्या बटाट्याची जात ठरवायला डीएनए तपासणी वापरली. बोंब झाल्यावर त्याच वर्षी दावे मागे घेतले, ती गोष्ट वेगळी. म्हणजे शेतकऱ्याला कोर्टात ओढायचं असेल तर डीएनए बोलतो. मग शेतकऱ्याचं श्रेय सिद्ध करायचं असतं तेव्हा तो मुका का होतो?

आणि आता तर बियाण्याची पिशवीसुद्धा लागत नाही. एकदा जनुकाचा क्रम संगणकात गेला की दाणा न हलवता त्याचा वापर होतो. यासाठी २०२५ मध्ये कॅली निधी सुरू झाला. कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का द्यावा, अशी अपेक्षा आहे. पण सक्ती नाही. ऐच्छिक वर्गणीवर गणपती बसतो हो, हक्क नाही मिळत.

कायदा आपल्याकडे आहे, तो वापरा. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ सांगतं की शेतकरी बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित जात ब्रँड लावून विकायची नाही. स्वतःच्या वाणाची नोंदणी करायला शेतकऱ्याला फी नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची नोंदवही मागा. कपाटात कोरी असेल तर ग्रामसभेत विचारा, कोरी का?

शास्त्रज्ञ आणि कृषी अधिकारी मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. नमुना नेताना शेतकऱ्याचं नाव, गाव, वाणाचं स्थानिक नाव आणि तो कशासाठी नेला हे लिहून एक प्रत त्याच्या हातात ठेवा. एका कागदानं संशोधन अडत नाही. अडत असेल, तर ते संशोधन कुणासाठी चाललंय, ते आम्हाला कळू द्या.

बाकी शेतकरी भावांनो, ज्याच्या घरी जुनं वाण आहे त्यानं खाली नाव, तालुका आणि वाणाचा गुण लिहा. यादी इथूनच सुरू करू.